‘धक्का बसला’ आणि ‘हाय खाल्ली’ : आघातोत्तर विकार व अनुवंश यांच्या परिभाषेची चिकित्सा

भीषण प्रसंगातून गेल्यानंतर काही माणसांना दीर्घकालीन मानसिक विकार जडतो आणि काहींना जडत नाही. या भेदात अनुवंशाचा वाटा किती, हा प्रश्न मूलतः मनोरोगशास्त्राचा आणि जननशास्त्राचा आहे. त्याची चर्चा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावी, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, मापन आकड्यांत होते, परंतु निष्कर्ष आपल्यापर्यंत वाक्यांतून येतो. आणि आकड्याने जे सांगितले त्याहून अधिक, प्रसंगी त्याच्या विरुद्ध, असे काही वाक्य सांगून जाऊ शकते. प्रस्तुत लेखाचा विषय हे अधिक सांगणे हा आहे. मूळ संशोधनाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. ते ज्या तीन वाक्यांतून सर्वत्र वावरत आहे, त्या वाक्यांची मात्र कसून तपासणी व्हावयास हवी.

१

प्रथम नावाचा विचार करू. ‘आघातोत्तर तणाव विकार’ ही संज्ञा अमेरिकन मनोरोगतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत १९८० साली दाखल झालेल्या इंग्रजी नावाचे मराठी रूप होय. त्या नावातील ‘ट्रॉमा’ हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ ‘जखम’ असा आहे. आपण त्यासाठी योजलेला ‘आघात’ हा शब्द आ + हन् या धातूपासून आलेला असून त्याचा अर्थ ‘प्रहार’ असा होतो. जखम ही शरीरावर उमटलेली खूण. प्रहार ही बाहेरून आलेली क्रिया. मूळ शब्द परिणामाचे नाव सांगतो, तर आपला शब्द कारणाचे. हा भाषांतराचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण इंग्रजीतही ‘ट्रॉमा’ हा शब्द कधी घटनेला तर कधी तिच्या परिणामाला लावला जातो. परंतु अनुवंशाचा सारा प्रश्न नेमका या दोहोंमधील अंतरात सामावलेला आहे : प्रहार एकच असता जखमा निरनिराळ्या का होतात?

मराठी बोलीने हा प्रश्न आपल्या व्याकरणात पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. ‘त्याला धक्का बसला’ या वाक्यात कर्ता धक्का आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. घडले ते त्याच्यावर घडले. उलट ‘त्याने हाय खाल्ली’, ‘तिने धसका घेतला’ या वाक्यांत माणूस तृतीयेत, म्हणजे कर्त्याच्या जागी आहे. बाहेर काहीही घडलेले असो, हाय खाणे हे त्याचे कृत्य ठरते. ‘अहो, सगळ्यांवरच प्रसंग आला, पण त्याने हाय खाल्ली’ या बोलण्यात सहानुभूतीबरोबर किंचित ठपकाही असतो, हे मराठी कानाला सांगावे लागत नाही. दुःखाचे मूळ घटनेत पाहणारी आणि माणसात पाहणारी अशा या दोन रचना होत. या विकाराचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या रचनेकडून दुसरीकडे आणि पुन्हा पहिलीकडे घातलेल्या येरझाऱ्यांचा इतिहास आहे.

२

हा इतिहास थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण अनुवंशाची भाषा निरुपद्रवी नाही हे त्यातून कळते. जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ हेर्मान ओपेनहाइम यांनी १८८९ साली ‘आघातजन्य मज्जाविकार’ ही कल्पना मांडली. रेल्वेच्या व कारखान्यांच्या अपघातांतून वाचलेल्या माणसांची लक्षणे त्या अपघातामुळेच उद्भवतात, असा तिचा आशय होता. पहिल्या महायुद्धात सहस्रावधी सैनिक कंप, वाचालोप, अंधत्व अशी लक्षणे घेऊन खंदकांतून परतू लागले, तेव्हा या कल्पनेचा आर्थिक अर्थ स्पष्ट झाला : कारण युद्ध असेल तर निवृत्तिवेतन राज्याने द्यावयाचे. १९१६ साली म्यूनिक येथे भरलेल्या युद्धकालीन परिषदेत ओपेनहाइम यांचे मत बहुसंख्य तज्ज्ञांनी फेटाळले. विकाराचे कारण सैनिकाच्या दुर्बल प्रकृतीत आणि वेतनाच्या इच्छेत आहे, असे ठरले. पुढे १९२६ साली जर्मन राज्य-विमा कार्यालयाने अशा विकारांना भरपाई नाकारण्याचा निर्णय दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांनी पश्चिम जर्मनीत भरपाई मागितली, तेव्हाही त्यांच्या यातना ‘जन्मजात प्रकृतीमुळे’ आहेत असा अभिप्राय देणारे तज्ज्ञ होतेच. कुर्ट आइस्लर यांनी १९६३ साली या अभिप्रायांवर केलेली तिखट टीका प्रसिद्ध आहे.

या पार्श्वभूमीवर १९८० च्या संज्ञेचे महत्त्व ध्यानी येते. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीचा तिच्यामागे मोठा रेटा होता. त्या पुस्तिकेतील बहुतेक विकारांच्या व्याख्येत कारणाचा उल्लेख नाही. येथे मात्र बाह्य घटना ही व्याख्येचीच पहिली अट करण्यात आली. म्हणजे ‘धक्का बसला’ ही रचना अधिकृत झाली. असे असता तेरा वर्षांनी अनुवंशाचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहिला नाही. जुनी तृतीया परत येते आहे काय, अशी शंका येण्यास इतिहासाने पुरेसे कारण दिले होते.

३

ते आकडे असे. १९९३ साली विल्यम ट्रू व त्यांचे सहकारी यांनी व्हिएतनामकालीन सैन्यसेवेतील ४,०४२ पुरुष जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांत जनुकसामग्री जवळजवळ समान असते. द्विबीज जुळ्यांत ती सख्ख्या भावंडांइतकीच समान असते. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढलेली असतात. म्हणून एकबीज जुळी लक्षणांच्या बाबतीत परस्परांशी अधिक मिळतीजुळती आढळली, तर त्या अधिकाचे श्रेय जनुकांना देता येते. युद्धानुभवाचा हिशेब वजा केल्यावरही लक्षणांमधील भेदांचा सुमारे १३ ते ३४ टक्के अंश जनुकीय ठरला. स्मृतींच्या पुनरुद्भवाच्या लक्षणांत तो १३ ते ३०, टाळाटाळीच्या लक्षणांत ३० ते ३४, आणि अतिसावधतेच्या लक्षणांत २८ ते ३२ टक्के असा होता.

जुळ्यांकडे जाण्याचे कारण भाषेच्या अभ्यासकास चटकन पटावे. ‘खाण तशी माती’ ही म्हण कुटुंबातील साम्य पाहते आणि त्याचे कारण रक्तात शोधते. परंतु कुटुंबात सर्वांत निश्चितपणे उतरणारी गोष्ट म्हणजे मातृभाषा, आणि तिचा जनुकांशी काडीचाही संबंध नाही. मराठी आईबापांचे मूल जन्मतः तमिळ घरात वाढले तर ते तमिळच बोलेल. कुटुंबातील साम्य हा अनुवंशाचा पुरावा नव्हे, हे आपल्या विषयाच्या पहिल्याच पाठात आपण शिकवतो.

याच उदाहरणाने पुढचा, अधिक सूक्ष्म मुद्दाही स्पष्ट होतो. मनुष्यमात्रास भाषा येते ती त्याच्या जैविक घडणीमुळेच. मांजराला ती शिकवता येत नाही. तरीही अमुक माणूस मराठी का बोलतो आणि तमुक तमिळ का, या भेदाचा जनुकीय अंश शून्य आहे. म्हणजे एखादी गोष्ट पूर्णतः जनुकांवर अवलंबून असूनही तिच्यातील भेद जनुकांवर मुळीच अवलंबून नसतील, असे होऊ शकते. जुळ्यांच्या अभ्यासात जे मोजले जाते ते भेदांचे विभाजन होय. कारणांचे विभाजन नव्हे.

आता पहिले वाक्य तपासू : ‘या विकाराचे तीस टक्के कारण अनुवंश आहे.’ यात दोन प्रमाद आहेत. पहिला षष्ठीचा. ‘विकाराचे’ या रूपाने भेदांचे माप विकाराच्या गळ्यात बांधले जाते. एखाद्या सैनिकाच्या यातनेचे दहा भाग करून त्यांतील तीन आजोबांकडून व सात रणभूमीकडून आले, असा अर्थ त्यातून ध्वनित होतो. असा अर्थ कोणत्याही जुळ्यांच्या अभ्यासातून निघत नाही. एका माणसाच्या बाबतीत या आकड्याला अर्थच नाही. दुसरा प्रमाद ‘आहे’ या क्रियापदाचा. हे माप विशिष्ट लोकसमूहाचे, विशिष्ट काळाचे, विशिष्ट परिस्थितीचे असते. जिथे सर्वांवर सारखाच प्रसंग ओढवला तिथे परिस्थितीतील भेद कमी होतात, म्हणून जनुकीय अंश आपोआप मोठा दिसतो. जनुके मात्र तीच असतात. २०१८ साली सुमारे वीस हजार माणसांच्या जनुकसामग्रीवरून केलेल्या एका मापनात स्त्रियांत हा अंश २९ टक्के निघाला. पुरुषांत तो ७ टक्के, म्हणजे शून्याहून वेगळा म्हणता येणार नाही इतका अल्प होता. विकाराचा जो स्थिर गुणधर्म आहे असे आपण समजतो, तो समूह बदलताच असा बदलतो.

या गोंधळास आपली परिभाषाही अंशतः कारण आहे. जनकांकडून अपत्यांकडे गुण संक्रमित होणे या सर्वसामान्य कल्पनेलाही आपण ‘आनुवंशिकता’ म्हणतो आणि भेदांच्या या सांख्यिकीय मापालाही तेच म्हणतो. इंग्रजीत निदान शब्द दोन आहेत. या मापासाठी ‘आनुवंशिक भेदांश’ अशी संज्ञा योजावी, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ती उच्चारास जड आहे खरी. परंतु ‘भेद’ हा शब्द तिच्यात असल्यामुळे ‘कुणाकुणांमधील भेद?’ हा प्रश्न टाळता येत नाही, हा तिचा गुण होय.

जुळ्यांच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिने ‘प्रहार बाहेरचा, जखम आतली’ ही सरळ विभागणीही मोडली. कॅनडातील ४०६ जोड्यांच्या अभ्यासात (२००२) असे दिसले की, लक्षणांतीलच नव्हे, तर मारहाणीसारख्या हिंसक प्रसंगांत सापडण्यातील भेदांतही जनुकीय अंश आहे. अपघात व नैसर्गिक आपत्ती यांत तो आढळला नाही. स्वभाव, साहसप्रियता, राहण्याची जागा, सोबत यांच्या साखळीतून हा संबंध लागत असावा. हा निष्कर्ष ‘तिने प्रसंग ओढवून घेतला’ अशा मराठीत सांगितला गेला तर काय अनर्थ होईल, हे सांगणे नको. ज्याने मारले त्याचे कृत्य जिला मारले तिच्या जनुकांत शोधण्याची मुभा कोणताही भेदांश देत नाही.

याच वर्षी प्रसिद्ध झालेला गिल्बर्टसन व सहकाऱ्यांचा अभ्यास या पद्धतीचे सामर्थ्य दाखवतो. या विकाराने पीडित सैनिकांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग लहान असतो, हे पूर्वी दिसले होते, आणि तो आघाताने झिजला असावा असे मानले जाई. परंतु त्या सैनिकांच्या युद्धावर कधीही न गेलेल्या एकबीज भावांतही तो भाग तसाच लहान आढळला. म्हणजे निदान काही अंशी तो आघाताचा परिणाम नसून आघातापूर्वीची स्थिती होता. कारण व परिणाम यांचा क्रम येथे उलटा झाला, आणि तो केवळ उत्तम रचलेल्या तुलनेने झाला. तरीही ते भाऊ निरोगी होते, ही गोष्ट त्या निष्कर्षाइतकीच महत्त्वाची आहे.

४

दुसरे वाक्य : ‘या विकाराचे जनुक सापडले.’ येथेही षष्ठीच घात करते. भाषाशास्त्राला या वाक्याचा जुना अनुभव आहे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या व्यक्तींना वाणीचा गंभीर दोष होता. १९९० च्या सुमारास त्यावरून ‘व्याकरणाचे जनुक’ ही कल्पना गाजली. २००१ साली त्या कुटुंबातील बिघाड फॉक्सपी-२ या जनुकात आढळला, आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘भाषेचे जनुक’ म्हटले. वास्तविक त्या व्यक्तींचा दोष व्याकरणापुरता नव्हता. ओठ-जिभेच्या हालचालींच्या नियंत्रणातही तो होता. शिवाय हे जनुक उंदरांत व पक्ष्यांतही असते, आणि इतर अनेक जनुकांचे नियमन करते.

आघातोत्तर विकाराच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. प्रथम एकेक संशयित जनुक घेऊन अभ्यास झाले. सेरोटोनिनच्या वहनाशी संबंधित जनुकाचा एक प्रकार, २००४ च्या फ्लोरिडातील चक्रीवादळांनंतर ५८९ प्रौढांत तपासण्यात आला. वादळाचा मोठा तडाखा आणि समाजाचा अल्प आधार या दोहोंबरोबर तो आला, तरच धोका वाढलेला दिसला. २००८ साली बिंडर व सहकाऱ्यांनी तणाव-संप्रेरकाच्या नियंत्रणातील एफकेबीपी-५ या जनुकाविषयी असेच लिहिले : त्याचे प्रकार एकटे काही करताना दिसले नाहीत, बालपणी छळ झालेल्यांत मात्र त्यांनी लक्षणांत फरक पाडला. या निबंधांचा आशय ‘जनुक आणि परिस्थिती’ असा द्वंद्व समास होता. बाहेर येताना त्याचा ‘विकाराचे जनुक’ असा षष्ठी तत्पुरुष झाला. पुढे हा सारा मार्गच संशयास्पद ठरला. नैराश्याच्या बाबतीत अशा अठरा नामांकित जनुकांची फार मोठ्या समूहांत झालेली तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत एकाचाही दावा टिकला नाही. लहान समूहांवर उभारलेल्या आघातोत्तर विकाराच्या निष्कर्षांकडेही त्यानंतर सावधपणे पाहणे प्राप्त झाले.

आजचा मार्ग निराळा आहे. कोणत्याही जनुकावर आधी बोट न ठेवता संपूर्ण जनुकसामग्री चाळली जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात युरोपीय वंशाच्या १२,२२,८८२ व्यक्ती होत्या. त्यांपैकी १,३७,१३६ विकारग्रस्त. त्यातून जनुकसामग्रीवरील ९५ स्थाने संबंधित आढळली. प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प. विशेष लक्षणीय गोष्ट ही की, संभाव्य कारक म्हणून निवडलेल्या ४३ जनुकांच्या यादीत फॉक्सपी-२ हेही आहे. ज्याला एकदा ‘भाषेचे’ म्हटले तेच आता ‘आघाताचे’ म्हणावयाचे काय? ‘चे’ हा प्रत्यय मालकी सांगतो, आणि जनुके कोणत्याही एका विकाराच्या मालकीची नसतात. या विकाराचा जनुकीय पाया नैराश्याच्या पायाशी फार मोठ्या प्रमाणात एकरूप आहे, हेही त्याच संशोधनातून पुढे आले आहे. निदानपुस्तिकेतील नावांच्या सीमा संकेताने ठरलेल्या आहेत. निसर्गाने त्या पाळाव्यात अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

५

तिसरे वाक्य सर्वांत आकर्षक आणि म्हणूनच सर्वांत घातक : ‘आघात वारशाने उतरतो.’ त्याचा उगम जनुकांवरील रासायनिक खुणांच्या अभ्यासांत आहे. २०१६ साली रेचेल येहुदा व सहकाऱ्यांनी नाझी छळातून वाचलेल्या ३२ व्यक्ती व त्यांची २२ प्रौढ अपत्ये यांच्या एफकेबीपी-५ जनुकावरील अशा खुणा तपासल्या. तुलनेच्या गटांपेक्षा दोघांतही भेद आढळला. परंतु जनकांत खुणा अधिक, तर अपत्यांत उण्या होत्या. तुलनेचे गट अत्यंत लहान होते. आईबापांच्या पेशींतून खूण जशीच्या तशी अपत्यात आली, असे यातून सिद्ध होत नाही. त्या घरांतील मौन, रात्रीच्या किंकाळ्या, अतिरेकी जपणूक यांत वाढलेल्या मुलांच्या शरीरावर त्या वाढण्याचीच खूण उमटली नसेल, असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. मातृभाषेचे उदाहरण येथेही मार्गदर्शक आहे : पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे सारेच बीजातून उतरत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, असा वाद आहे. त्या वादाची सामाजिक चौकट आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु केवळ एकाचे नाव घेतल्याने पिकाचा हिशेब पुरा होत नाही, इतके भान त्या रूपकात आहे.

६

शेवटी आपल्यापुरता प्रश्न. उपर्युक्त मोठ्या अभ्यासात युरोपीयांखेरीज आफ्रिकी व अमेरिकेतील मूलनिवासी मिश्रवंशाच्या ५८,०५१ व्यक्ती होत्या. मुख्य विश्लेषणाचा पाया मात्र युरोपीयच होता. अशा सामग्रीवरून काढलेले धोक्याचे गुणांक अन्य वंशसमूहांना लावले असता त्यांची अचूकता घटते, हे आता मान्य आहे. म्हणून मराठी माणसाच्या बाबतीत असे गुणांक वापरण्यास आज आधार नाही.

याहून मूलभूत अडचण भाषेची आहे. जनुके रक्तातून मोजता येतात. विकार मात्र प्रश्नावलीतून, म्हणजे भाषेतून मोजला जातो. आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ साली एक इशारा दिला होता : एका संस्कृतीत घडलेली निदानकोटी दुसरीत लक्षणे सापडली म्हणून तिथेही तशीच अस्तित्वात आहे, असे मानणे हा प्रमाद होय. ‘तुम्हाला त्या घटनेच्या नकोशा आठवणी वारंवार येतात का?’ या भाषांतरित प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी स्त्री ‘छातीत धडधडतं, जीव थाऱ्यावर नसतो’ असे म्हणत असेल, तर तिची नोंद निरोगी म्हणून होईल, आणि तिची जनुके चुकीच्या रकान्यात जातील. मराठीभाषकांत असे संशोधन व्हावयाचे असेल, तर त्याचा पहिला टप्पा भाषिक आहे : धसका, हाय, धास्ती, धक्का, वेड लागल्यासारखे होणे या शब्दांचे प्रदेशपरत्वे अर्थ आणि त्यांच्या विभक्ती नोंदविणे. हे काम आपल्यासारख्या विभागांनी करावयाचे आहे.

या विवेचनाचा निष्कर्ष अनुवंश नाकारणे हा नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत सुमारे ६१ टक्के पुरुष व ५१ टक्के स्त्रिया आयुष्यात केव्हातरी भीषण प्रसंगातून गेलेल्या आढळल्या. हा विकार मात्र एकंदर लोकसंख्येत ७.८ टक्क्यांनाच जडला होता. प्रहाराने सारे स्पष्ट होत नाही, हे मान्यच केले पाहिजे. आक्षेप आहे तो त्या मान्यतेतून माणसाला कर्त्याच्या जागी बसविण्याला. १९१६ च्या तज्ज्ञांपाशी जनुकांचे ज्ञान नव्हते. व्याकरण मात्र होते, आणि निवृत्तिवेतन नाकारण्यास तेवढे पुरले. आज ज्ञान कितीतरी पुढे गेले आहे, म्हणून ते सांगणाऱ्याची जबाबदारीही वाढली आहे. विद्यार्थ्यांनी या विषयावर मराठीत लिहिताना निदान एवढे वाक्य शुद्ध लिहावे : ‘एका विशिष्ट लोकसमूहात, भीषण प्रसंगातून गेलेल्यांपैकी कोणास हा विकार जडतो व कोणास जडत नाही या भेदाचा काही अंश अनेक जनुकांतील सूक्ष्म भेदांशी निगडित असतो.’ हे वाक्य लांब आहे; त्यात प्रसंग आहे, समूह आहे, भेद आहे आणि जनुके आहेत. यांपैकी एकही पद गाळून ते आखूड करता येत नाही.